क्रोकस व तत्सम कंदवर्गीय वनस्पतींची बियांपासून लागवड : एक विवेचन

सारांश

क्रोकस ही शोभेच्या फुलांसाठी जगभर प्रसिद्ध असलेली कंदवर्गीय प्रजाती असून केशर देणारी वनस्पती याच प्रजातीतील आहे. या वनस्पतींची लागवड सामान्यतः कंदांपासून केली जाते. बियांपासून लागवड करण्यास फूल येईपर्यंत तीन ते पाच वर्षे लागतात, म्हणून ती पद्धत हौशी बागाईतदारांचा छंद मानली जाते. तथापि नवे वाण, रोगमुक्त रोपे आणि नैसर्गिक अधिवासांचे रक्षण या तिन्ही गोष्टी बियांशिवाय साध्य होत नाहीत. प्रस्तुत लेखात क्रोकसच्या बीजनिर्मितीची प्रक्रिया, बियांची सुप्तावस्था, पेरणी व संगोपनाची पद्धत यांचे विवेचन केले असून, बी न धरणाऱ्या केशराच्या उदाहरणावरून बीजाचे महत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रस्तावना

वनस्पतींचे पुनरुत्पादन दोन मार्गांनी होते. एक मार्ग शाकीय, म्हणजे कंद, खोड, मूळ यांसारख्या अवयवांपासून नवे रोप तयार होण्याचा. आणि दुसरा लैंगिक, म्हणजे परागण व फलनानंतर तयार झालेल्या बीपासून रोप उगवण्याचा. शाकीय मार्गाने मिळालेले रोप मूळ झाडाची तंतोतंत प्रतिकृती असते. बीपासून आलेले रोप मात्र आईबापांचे गुण नव्या जुळणीत घेऊन येते. शेतकऱ्याला व व्यापाऱ्याला पहिला मार्ग सोयीचा वाटतो, कारण त्यात वेळ वाचतो आणि मालाची खात्री असते. हळद, आले, ऊस, केळी ही आपल्याकडील परिचित पिके याच मार्गाने वाढविली जातात.

युरोप व पश्चिम आशियातील कंदवर्गीय फुलझाडांची स्थिती याहून निराळी नाही. नेदरलँड्समधून दरवर्षी जगभर जाणारे क्रोकस, ट्यूलिप, नार्सिसस यांचे कंद हे शाकीय पद्धतीनेच वाढविलेले असतात. परंतु बाजारात आज दिसणारा यांतील जवळजवळ प्रत्येक वाण केव्हातरी एका बीपासूनच निर्माण झालेला आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. कंद हे वाण टिकविण्याचे साधन आहे, तर बी हे वाण निर्माण करण्याचे साधन आहे. या दोहोंतील भेद समजून घेण्यासाठी क्रोकस ही प्रजाती विशेष उपयुक्त ठरते. कारण तिच्या एका बाजूला बियांनी मुक्तपणे पसरणाऱ्या रानटी जाती आहेत, तर दुसऱ्या बाजूला एकही बी न धरणारे केशर आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. क्रोकस व तत्सम कंदवर्गीय वनस्पतींमध्ये बी कसे तयार होते, याची माहिती देणे.
२. बियांची सुप्तावस्था, अंकुरण व रोपांचे संगोपन यांमागील शास्त्रीय कारणे स्पष्ट करणे.
३. बियांपासून लागवडीचे फायदे व मर्यादा यांचा विचार करणे.
४. केशराच्या संदर्भात बीजाच्या अभावाचे परिणाम तपासणे.

क्रोकस व त्याचे आप्त

क्रोकस ही प्रजाती इरिडेसी कुलातील आहे. ग्लॅडिओलस व आयरिस ही याच कुलातील परिचित फुलझाडे होत. पश्चिमेस पोर्तुगाल व मोरोक्कोपासून पूर्वेस मध्य आशिया व चीनच्या पश्चिम सीमेपर्यंत क्रोकसच्या जाती नैसर्गिकरीत्या आढळतात. त्यांची सर्वाधिक विविधता तुर्कस्तान व बाल्कन प्रदेशात आहे. जॉर्ज मॉ यांनी १८८६ मध्ये या प्रजातीवरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. ब्रायन मॅथ्यू यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुमारे ८० जातींची नोंद आहे. त्यानंतर विशेषतः तुर्कस्तानातून अनेक नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध झाल्याने हा आकडा बराच वाढला आहे.

क्रोकसच्या जमिनीखालील अवयवास सामान्य भाषेत कंद म्हटले जात असले, तरी शास्त्रीयदृष्ट्या तो दृढकंद होय. कांद्यामध्ये अन्नसाठा मांसल पानांच्या थरांत असतो. दृढकंदामध्ये तो फुगलेल्या, भरीव खोडात असतो. आपल्याकडील सुरण हे दृढकंदाचे परिचित उदाहरण आहे. क्रोकसचा दृढकंद एकच हंगाम जगतो. पाने वाढत असताना जुन्याच्या माथ्यावर एक किंवा अधिक नवे दृढकंद तयार होतात आणि जुना सुकून जातो.

क्रोकसशी नेहमी गल्लत होणारी वनस्पती म्हणजे कॉल्चिकम. दोहोंची फुले पेल्याच्या आकाराची असून जमिनीतून थेट वर आल्यासारखी दिसतात. मात्र क्रोकसला तीन पुंकेसर असतात, तर कॉल्चिकमला सहा. क्रोकसचा अंडाशय अधःस्थ, तर कॉल्चिकमचा ऊर्ध्वस्थ असतो. कॉल्चिकम हे कॉल्चिकेसी या वेगळ्याच कुलातील असून त्याच्या सर्व भागांत कॉल्चिसिन हे विषारी द्रव्य असते. त्यामुळे हा भेद केवळ वर्गीकरणाचा न राहता जीवनमरणाचाही ठरू शकतो. असे असले तरी दोहोंचे जीवनचक्र बरेचसे सारखे आहे. म्हणून बियांपासून लागवडीच्या संदर्भात त्यांचा एकत्रित विचार करणे योग्य ठरते.

बीजनिर्मितीची प्रक्रिया

क्रोकसच्या फुलाला वरकरणी देठ दिसते, परंतु ते खरे देठ नव्हे. ती पाकळ्यांसारख्या दलांच्या बुडाशी असलेली लांब नळी असते. फूल उमललेले असताना अंडाशय जमिनीखाली, दृढकंदाच्या जवळ सुरक्षित असतो. परागकण कुक्षीवर पडल्यानंतर परागनलिकेला लांबच लांब कुक्षीवृंतातून खाली उतरून अंडाशयापर्यंत पोहोचावे लागते. थंडी, बर्फ आणि चरणारी जनावरे यांपासून अंडाशयाचे रक्षण व्हावे, अशी ही योजना आहे.

फलनानंतर फूल सुकून जाते आणि वरून पाहणाऱ्यास वनस्पतीचे कार्य संपले असे वाटते. प्रत्यक्षात जमिनीखाली बोंड वाढत असते. वसंताच्या अखेरीस पाने पिवळी पडू लागली की बोंडाखालचा आखूड देठ लांबतो व बोंड जमिनीच्या पृष्ठभागावर आणतो. तेथे ते तीन भागांत उकलते व लहान, गोलसर, तांबूस तपकिरी रंगाच्या बिया मोकळ्या होतात. ब्रिटनसारख्या हवामानात ही अवस्था साधारणपणे मे व जून महिन्यांत येते. विशेष म्हणजे शरद ऋतूत फुलणाऱ्या जातींचे बीसुद्धा याच सुमारास, म्हणजे फुलानंतर सहा-सात महिन्यांनी तयार होते. कॉल्चिकमच्या शरद ऋतूत फुलणाऱ्या जातींमध्येही हाच प्रकार आढळतो. फूल शरदात येते. पाने व त्यांच्या मधोमध असलेले बोंड मात्र पुढील वसंतात वर येते.

क्रोकसच्या अनेक जातींच्या बियांना एक तेलकट, मांसल भाग चिकटलेला असतो. मुंग्या त्यासाठी बिया वाहून नेतात, तो भाग खातात आणि बी टाकून देतात. बीजप्रसाराचे हे काम इतके चोख होते, की बोंड उकलल्यानंतर बी गोळा करण्यास उशीर झाल्यास हाती काही लागत नाही. म्हणून बी हवे असणाऱ्याने फुलांच्या वेळीच खूण करून ठेवणे आणि बोंड जमिनीवर येताच, ते पूर्ण उकलण्यापूर्वी खुडणे आवश्यक असते.

परागणाच्या बाबतीतही काही काळजी घ्यावी लागते. क्रोकसचे फूल उन्हात व उबेत उमलते आणि ढगाळ हवेत मिटते. त्यामुळे लवकर फुलणाऱ्या जातींना मधमाश्यांची भेट नेहमीच मिळते असे नाही. अशा वेळी मऊ कुंचल्याने हाताने परागण करतात. उलट, अनेक जाती जवळजवळ लावलेल्या बागेत मधमाश्यांमुळे संकर होण्याचा संभव असतो. एखाद्या जातीचे शुद्ध बी हवे असल्यास तिची फुले झाकून वेगळी ठेवणे इष्ट असते.

सुप्तावस्था व अंकुरण

ताजे बी लगेच का उगवत नाही, हा प्रश्न या लागवडीत प्रथम उपस्थित होतो. त्याचे उत्तर या वनस्पतींच्या मूळ प्रदेशाच्या हवामानात आहे. भूमध्य सागराभोवतालच्या प्रदेशात उन्हाळा कोरडा व कडक असतो, तर पाऊस शरद व हिवाळ्यात पडतो. मे-जूनमध्ये गळालेले बी लगेच उगवले, तर कोवळे रोप उन्हाळ्यात करपून जाईल. म्हणून बी गळते तेव्हा त्यातील गर्भ लहान व अपूर्ण वाढलेला असतो. उन्हाळ्यातील ऊब आणि त्यानंतरचा गारवा व ओलावा हा क्रम अनुभवल्यानंतरच गर्भाची वाढ पूर्ण होऊन अंकुरण होते. आपल्याकडे पावसाळा हा अंकुरणाचा ऋतू, तर तिकडे शरदातील पहिला पाऊस हा अंकुरणाचा संकेत होय.

या संकेताचे स्वरूप जातीनुसार बदलते. समुद्रसपाटीजवळच्या जाती शरदातच मूळ धरतात. उंच पर्वतावरील, बर्फ वितळताना फुलणाऱ्या जातींना दीर्घ थंडीची गरज असते व त्यांची पाने हिवाळ्याच्या अखेरीस दिसतात. बी जुने व पूर्ण वाळलेले असल्यास ते एक पूर्ण वर्ष जमिनीत निपचित पडून राहू शकते. एका हंगामात काही उगवले नाही म्हणून कुंडी रिकामी करू नये, हा अनुभवी बागाईतदारांचा नियम यातूनच आलेला आहे. ताजे बी लवकर पेरल्यास निसर्गक्रमातील ऊब व गारवा दोन्ही त्यास आपोआप मिळतात. त्यामुळे बी पिकल्यापासून शरद ऋतूच्या आरंभापर्यंतचा काळ हा पेरणीस सर्वांत योग्य मानला जातो.

अंकुरणाच्या वेळी प्रथम मूळ खाली जाते आणि नंतर गवताच्या पात्यासारखे एकच बारीक पान वर येते. पहिल्या वर्षी रोपाला हे एकच पान असते. नवख्या माणसाने ते गवत समजून उपटून टाकण्याचा धोका असतो, म्हणून कुंडीवर जातीचे नाव व पेरणीची तारीख लिहिलेली पट्टी लावणे ही औपचारिकता नसून गरज आहे.

पेरणी व संगोपन

पेरणीसाठी उथळ तबकापेक्षा खोल कुंडी अधिक योग्य असते. याचे कारण क्रोकसच्या संकोची मुळांत आहे. ही जाड मुळे आकसून कोवळ्या दृढकंदाला दरवर्षी थोडे थोडे खाली ओढतात. पृष्ठभागाजवळ उगवलेले रोप अशा रीतीने दोन-तीन वर्षांत सुरक्षित खोलीवर पोहोचते. कुंडी उथळ असल्यास सर्व दृढकंद तळाशी जाऊन दाटी करतात.

मातीचे मिश्रण पाण्याचा उत्तम निचरा करणारे असावे लागते. चांगली पोयट्याची माती, कुजलेला पालापाचोळा व जाड वाळू किंवा बारीक खडी यांचे मिश्रण सर्वसाधारणपणे वापरले जाते. बी विरळ पेरून त्यावर सुमारे एक सेंटिमीटर माती व त्यावर बारीक खडीचा थर देतात. खडीमुळे पावसाच्या माराने बी उघडे पडत नाही, शेवाळ धरत नाही आणि मातीतील ओल टिकते. कुंडी उघड्यावर, थंडी लागेल अशा जागी ठेवतात. उंदरांना हे बी व कोवळे दृढकंद अतिशय प्रिय असल्याने कुंडीवर बारीक जाळी घालणे आवश्यक असते.

पहिल्या हंगामात रोपाचे एकच पान जितका जास्त काळ हिरवे राहील तितका दृढकंद मोठा होतो, ही या संगोपनातील मध्यवर्ती गोष्ट आहे. प्रौढ क्रोकसला उन्हाळ्यात कोरडी विश्रांती लागते. रोपाला मात्र पान पिवळे पडेपर्यंत पाणी देत राहणे हिताचे असते. पोटॅशचे प्रमाण जास्त व नत्राचे प्रमाण कमी असलेले पातळ खत अधूनमधून दिल्यास पानापेक्षा दृढकंदाची वाढ होते. पान सुकल्यावर पाणी कमी करतात. परंतु वाटाण्याहूनही लहान असलेले हे दृढकंद पूर्णपणे कोरडे पडू देत नाहीत, कारण त्यांच्यात साठवलेले पाणी फार थोडे असते.

पहिल्या वर्षी रोपे हलवू नयेत. दुसऱ्या विश्रांतीच्या काळात कुंडी उलटून दृढकंद वेगळे करतात व नव्या मातीत लावतात. काहीजण कुंडीतील मातीचा संपूर्ण गोळा न फोडता मोठ्या कुंडीत ठेवतात. लहान दृढकंद हरवू नयेत या दृष्टीने ही रीत सोयीची ठरते.

पहिल्या फुलापर्यंतचा काळ

मूळच्या बाल्कन प्रदेशातील क्रोकस टॉमासिनिआनस ही जात अनुकूल परिस्थितीत तिसऱ्या वर्षी फुलते. ब्रिटनमधील अनेक जुन्या बागांत ती आपणहून बी टाकून हिरवळीवर सर्वत्र पसरलेली दिसते. बहुतेक इतर क्रोकस तीन ते पाच वर्षे घेतात. कॉल्चिकमला सहसा त्याहून अधिक काळ लागतो, आणि ट्यूलिपच्या बाबतीत पाच ते सात वर्षे ही सामान्य गोष्ट आहे.

हा काळ मोठा वाटतो. परंतु यातील प्रत्यक्ष श्रमाचा वाटा फार थोडा आहे. दरवर्षी बी पेरणाऱ्याच्या दृष्टीने प्रतीक्षा केवळ पहिल्या चार वर्षांची असते. त्यानंतर प्रत्येक वसंतात कोणत्या ना कोणत्या वर्षीची रोपे प्रथमच फुलत असतात. आंब्याची कोय लावणाऱ्याला याहून जास्त वाट पाहावी लागते, हे आपल्याकडील वाचकास सांगावयास नको.

बियांपासून लागवडीचे महत्त्व

बियांपासून लागवडीचा पहिला लाभ म्हणजे नवे वाण. इंग्लंडमधील एन्फील्डजवळील मिडल्टन हाऊस येथे ई. ए. बोल्स (१८६५–१९५४) यांनी आयुष्यभर क्रोकसची रोपे बियांपासून वाढविली. १९२४ मध्ये त्यांचा क्रोकस व कॉल्चिकम या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. क्रोकस क्रायसँथसच्या रोपांतून त्यांनी निवडलेल्या वाणांना त्यांनी पक्ष्यांची नावे दिली. त्यांतील ‘स्नो बंटिंग’ हा पांढरा, सुगंधी वाण आजही लावला जातो. मूळ जात पिवळी असताना तिच्या रोपांतून पांढरे, फिकट निळे, साय रंगाचे वाण मिळाले, हे कंद कितीही वर्षे लावत राहिले असते तरी सहजी घडले नसते.

दुसरा लाभ रोगमुक्तीचा. शाकीय पद्धतीने वाढविलेल्या वनस्पतीत एकदा विषाणू शिरला की तो पिढ्यानपिढ्या कंदांतून पुढे जातो. सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये ज्या पट्टेदार ट्यूलिपसाठी लोकांनी अवाच्या सवा किमती मोजल्या, ते पट्टे विषाणुजन्य रोगामुळे उमटत होते. हा दोष कलमाद्वारे एका कंदातून दुसऱ्यात जातो, हे डोरोथी केली यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसून आले. ट्यूलिपमधील हा विषाणू बीमधून पुढील पिढीत जात नाही. क्रोकसमध्येही मावा किडीमुळे पसरणारे विषाणू आढळतात व त्यांमुळे फुलांवर चट्टे पडतात, पाकळ्या वेड्यावाकड्या होतात. रोगट कंद नष्ट करून बियांपासून नवी रोपे तयार करणे हा त्यावरील सर्वांत सोपा उपाय होय.

तिसरा लाभ संवर्धनाचा. १९८० च्या दशकात तुर्कस्तानातील डोंगरउतारांवरून रानटी कंद मोठ्या प्रमाणावर खणून युरोपच्या बाजारात पाठविले जात. परिणामी गॅलँथस व स्टर्नबर्गिया या कंदवर्गीय प्रजाती १९९० पासून संकटग्रस्त वन्य जातींच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट झाल्या. कंद खणला की रानातील ते झाड संपते. बोंडातील मूठभर बी घेतल्यास झाड तेथेच राहते. ब्रिटनमधील अल्पाइन गार्डन सोसायटी (स्थापना १९२९) व स्कॉटिश रॉक गार्डन क्लब (स्थापना १९३३) या संस्थांनी सभासदांमध्ये बियांच्या वाटपाची जी परंपरा निर्माण केली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते.

या पद्धतीच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. बियांपासून आलेली रोपे एकसारखी नसतात. त्यामुळे एखादा विशिष्ट वाण जसाच्या तसा हवा असल्यास कंदाला पर्याय नाही. शिवाय शंभर रोपांतून निवडण्यायोग्य एखादेच निघते व उरलेली सामान्य असतात. व्यापारी तत्त्वावर ही पद्धत का रुजली नाही, याचे कारण यातच आहे.

केशर : बी नसलेल्या पिकाचा धडा

क्रोकस सॅटायव्हस म्हणजेच केशराची वनस्पती. तिच्या फुलातील कुक्षीचे तीन तांबडे तंतू म्हणजे आपल्या श्रीखंडात व मसाले-दुधात पडणारे केशर. एक ग्रॅम केशरासाठी साधारणपणे दीडशे फुले लागतात. जगातील बहुतांश केशर इराणमध्ये पिकते. भारतात काश्मीरमधील पांपोरचा परिसर केशरासाठी प्रसिद्ध असून काश्मिरी केशरास २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

ही वनस्पती फुलते, परंतु बी धरत नाही. याचे कारण तिच्या गुणसूत्रांत आहे. क्रोकसच्या जातींमध्ये गुणसूत्रांची संख्या सहापासून साठाहून अधिक अशी बदलते. केशराच्या पेशीत २४ गुणसूत्रे असून ती प्रत्येकी आठच्या तीन संचांत असतात, म्हणजे ती वनस्पती त्रिगुणित आहे. बीजांड व पराग तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या जुळून त्यांची समान वाटणी व्हावी लागते. तीन संचांची दोन समान भागांत वाटणी होऊ शकत नाही. त्यामुळे सकस पराग व बीजांडे तयार होत नाहीत. आपल्या खाण्यातील बिनबियांच्या केळ्यांचे कारणही बहुतांशी हेच आहे.

केशराचा पूर्वज कोण, हा प्रश्न दीर्घकाळ वादग्रस्त होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून, ग्रीसमध्ये आढळणारी क्रोकस कार्टराइटिआनस ही १६ गुणसूत्रांची रानटी जात हीच केशराची एकमेव पूर्वज असून अथेन्सच्या परिसरातील झाडे केशराच्या सर्वाधिक जवळची आहेत, असे दिसून आले. या पूर्वज जातीचे कुक्षीतंतूही तांबडे व लांब असतात आणि ती मुबलक बी धरते. दूरच्या काळी केव्हातरी त्या जातीच्या दोन झाडांपासून तीन संच असलेले एखादे रोप बीतून उगवले, माणसाने त्याचे कंद जपले आणि ते ग्रीसपासून स्पेनपर्यंत व काश्मीरपर्यंत पोहोचविले. केशराचा आरंभही अशा रीतीने एका बीमध्येच आहे.

यातून उद्भवणारी अडचण गंभीर आहे. जगभरातील केशराच्या झाडांत जनुकीय फरक अत्यल्प आहे. एखादा रोग एका झाडास मारक ठरला तर तो इतरांनाही तितकाच मारक ठरण्याचा संभव असतो. काश्मीरमध्ये बुरशीमुळे होणारी दृढकंदांची कूज ही शेतकऱ्यांची मोठी समस्या आहे. रोगट दृढकंद लागवडीसाठी वापरले गेल्यास रोग नव्या शेतात जातो. गहू किंवा भात यांच्या बाबतीत शास्त्रज्ञ रोगप्रतिकारक वाणाशी संकर करून बियांतून निवड करतात. केशराच्या बाबतीत तो मार्ग बंद आहे. लागवडीची पद्धत, निरोगी कंदांची निवड, सिंचन यांत सुधारणा करता येते. परंतु नेहमीच्या अर्थाने पैदास करता येत नाही. २०१०-११ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या राष्ट्रीय केशर अभियानातही भर याच सुधारणांवर होता.

हा बंद मार्ग उघडण्याची एक शक्यता पूर्वजाच्या ओळखीमुळे दिसू लागली आहे. क्रोकस कार्टराइटिआनसची रोपे बियांपासून वाढवून त्यांतून निरोगी व उत्तम कुक्षीतंतूंची झाडे निवडता येतील. त्यांतील काहींची गुणसूत्रे दुप्पट करून त्यांचा साध्या झाडांशी संकर केल्यास नवी त्रिगुणित झाडे, म्हणजेच नवे केशर मिळू शकेल. गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठी वनस्पतिशास्त्रात १९३७ पासून वापरले जाणारे द्रव्य म्हणजे कॉल्चिसिन होय. क्रोकससारख्याच दिसणाऱ्या कॉल्चिकमचे विष असे केशराच्या पैदाशीस उपयोगी पडू शकते. मात्र या मार्गातील प्रत्येक पिढीस बी ते फूल असा तीन-चार वर्षांचा काळ द्यावाच लागेल. हौशी माणसाचा छंद म्हणून जिच्याकडे पाहिले जाते ती कुंडीतील पेरणीच येथे संशोधनाची पहिली पायरी ठरते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रात क्रोकसची एकही जात नैसर्गिकरीत्या आढळत नाही. आपल्या मैदानी भागातील हिवाळा पुरेसा थंड नसल्याने येथे ही वनस्पती उघड्यावर टिकणे कठीण आहे. अलीकडच्या वर्षांत राज्यात काही ठिकाणी बंद खोलीत तापमान व आर्द्रता नियंत्रित करून केशराचे पीक घेण्याचे प्रयोग झाले आहेत. या प्रयोगांची मूलभूत गरज म्हणजे काश्मीरमधून आणलेले दृढकंद. बी नसल्याने लागवडीच्या साहित्यासाठी दुसरा मार्ग उपलब्ध नाही. कंदाची किंमत, त्याच्यासोबत येणारा रोग आणि खोलीत फुललेल्या कंदाची पुढील वर्षासाठी पुन्हा वाढ करणे, या तिन्ही बाबींचा विचार केल्याशिवाय अशा प्रयोगांच्या नफ्याचे गणित पूर्ण होत नाही.

कॉल्चिकमचे आप्त मात्र आपल्या घरचे आहेत. सह्याद्रीत पावसाळ्यात लाल-पिवळी फुले मिरविणारी कळलावी ही कॉल्चिकेसी कुलातीलच असून तिच्या बियांत व कंदांत कॉल्चिसिन असते. तमिळनाडूत तिची शेती बियांसाठी केली जाते, पण तेथेही लागवड मुख्यतः कंदांपासून होते व कंदांसाठी रानातील झाडांवर ताण येतो. म्हणजे येथे बी विकले जाते आणि कंद पेरला जातो. तुर्कस्तानातील डोंगरांवर जे घडले त्याचेच हे आपल्याकडील रूप म्हणता येईल. सह्याद्रीतील पावसाळी कंदवर्गीय वनस्पतींचे बी केव्हा पिकते, केव्हा उगवते व किती वर्षांत फुलते याच्या साध्या नोंदी महाविद्यालयीन वनस्पतिउद्यानांतून ठेवता येण्यासारख्या आहेत. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. कुंडी, माती, नावाची पट्टी आणि विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने पुढच्या तुकडीकडे सोपविलेली नोंदवही एवढे पुरेसे आहे.

निष्कर्ष

१. क्रोकस व कॉल्चिकम यांच्या बियांची सुप्तावस्था हा दोष नसून कोरड्या उन्हाळ्याशी झालेले अनुकूलन आहे. ताजे बी, योग्य वेळी पेरणी व उघड्यावरील गारवा या तीन गोष्टी साधल्यास अंकुरणात विशेष अडचण येत नाही.

२. संगोपनाचे यश पहिल्या दोन हंगामांत पान जास्तीत जास्त काळ हिरवे ठेवण्यावर अवलंबून असते.

३. नवे वाण, विषाणुमुक्त रोपे आणि रानटी कंदांच्या उत्खननास आळा, हे तीन लाभ शाकीय पद्धतीने मिळू शकत नाहीत.

४. केशर हे केवळ शाकीय मार्गावर विसंबलेल्या पिकाचे उदाहरण आहे. त्याची एकसारखी गुणवत्ता आणि त्याची रोगांपुढील असहायता या दोन्ही गोष्टी एकाच कारणातून, म्हणजे बीजाच्या अभावातून, उद्भवतात.

५. रानटी आप्तांच्या बीजाचे जतन हे पिकांच्या भवितव्याशी निगडित आहे. ग्रीसच्या टेकड्यांवरील एका लहान फुलझाडाचे बी टिकले, तर पांपोरच्या शेतकऱ्यासमोर उद्या एखादा पर्याय असेल. कंद आजची गरज भागवितो. उद्याच्या अनपेक्षित संकटाची तरतूद मात्र बीजातच असते.